हुरडा: फुकटचा आणि विकतचा

डिसेंबर लागला की आमच्या कंपूत फोनाफोनी सुरू होते. विषय एकच, यंदा हुरड्याला कधी? कॉलेजपासूनचे आम्ही पाच जण. त्यातला एक मंगळवेढ्याच्या बाजूचा, शेती असलेला. बाकीचे चौघे पुण्या-मुंबईत नोकऱ्या करून केस पांढरे केलेले. गेली वीसेक वर्षं डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत दोन-तीन दिवस त्याच्या शेतावर जायचं असा शिरस्ता आहे. तिथे जाऊन काय करतो? खरं सांगायचं तर काही नाही. सकाळी उन्हात पाठ शेकत बसायचं, बांधावरची बोरं खायची, दुपारी कडब्याच्या गंजीला टेकून डुलकी काढायची, संध्याकाळी शेकोटीभोवती त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगायच्या. आणि मधल्या सगळ्या वेळात हुरडा. वर्षभरात इतकं निवांत मी दुसरीकडे कुठेच नसतो.

यंदा फोनवर सगळं ठरलं आणि मित्र मध्येच म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून माणशी पैसे लावले तर याल का रे?" हसत म्हणाला, पण ते हसणं पुरतं हसणं नव्हतं. त्याच्या शेजारच्या गावात एकाने 'हुरडा महोत्सव' सुरू केलाय. माणशी सातशे रुपये, त्यात नाश्ता, जेवण, बैलगाडीची चक्कर आणि लहान मुलांना झोका. रविवारी गाड्या लावायला जागा नसते म्हणे.

मी "बघू की" म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हुरड्याला पैसे मागणं आपल्याला इतकं खटकतं का? हुरडा खरंच कधी फुकट होता का? आणि होता तर कुणाला? मग नेहमीच्या सवयीने पुस्तकं काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी, ज्यांनी कधी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. पाऊस जवळपास संपलेला असतो, पीक वाढतं ते काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर. कणीस बाहेर पडतं, दाणा आधी चिकात येतो आणि मग काही दिवस असे येतात की दाणा ना दुधाळ ना कडक. त्यातली साखर अजून पुरती पिठाळ झालेली नसते. एका शेताला ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस असते. तेव्हा जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या (ही आगटी), आरात कणसं खुपसायची, गरम असतानाच हातावर चोळून दाणे मोकळे करायचे, कोंडा फुंकून टाकायचा आणि शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर खायचं. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही खास हुरड्याच्या वाणांची नावं. अलीकडे कृषी विद्यापीठांनी फुले मधुर, परभणी वसंत असे खास हुरड्यासाठीचे वाणही दिलेत.

यातली एक गोष्ट आपण शहरी माणसं विसरतो. हुरडा हे अपुरं पीक आहे. जे कणीस आज आगटीत गेलं ते दीड-दोन महिन्यांनी खळ्यावर येणार नाही. शेतकऱ्याने वर्षाच्या भाकरीतला तुकडा भाकरी व्हायच्या आधीच मोडून तुमच्या हातावर ठेवलेला असतो. मोडलेला तुकडा मोजला जात नाही, म्हणून आपल्याला तो फुकट वाटतो.

ज्वारी मुळात आपली नव्हे, हे ऐकून अजूनही लोक दचकतात. तिचं मूळ आफ्रिकेतलं. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या खापरांत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे मिळाले, त्यावरून तिची लागवड पाचेक हजार वर्षं मागे जाते असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. तिथून ती भारतात आली आणि दख्खनच्या कोरड्या पठारावर अशी रुजली की जोंधळा म्हणजे धान्य आणि भाकरी म्हणजे जेवण हे समीकरणच झालं. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. हुरडा हा शब्द तिथे आहे. म्हणजे प्रकार जुना आहे, 'पार्टी' तेवढी नवी.

पण मला शोधायचं होतं ते वेगळंच. उभ्या पिकातलं कणीस मोडून पाहुण्याला द्यायचं, तर ते पीक आधी आपलं असावं लागतं. आणि उभं पीक नेमकं कुणाचं, हा आपल्याकडचा फार जुना झगडा आहे. राजाचा वाटा, वतनदाराचा वाटा, बलुतेदारांचा, देवाचा, सावकाराचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा राशीच्या तळाशी सांडलेलं धान्य वेचून जगणाऱ्यांचं धरावं, अशी तजवीज आहे. आपल्याकडचा 'सरवा' वेचणं तेच. म्हणजे कापणीनंतर जमिनीवर पडलेल्या कणसांवर कुणाचा हक्क, इथपर्यंत विचार झालेला होता.

आमच्या मित्राच्या मंगळवेढ्याचंच घ्या ना. ज्वारीचं कोठार म्हणून गाव प्रसिद्ध आहे, तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे ते दामाजीपंतांमुळे. कथा पंधराव्या शतकातली मानतात. बिदरच्या बहामनी सुलतानाचा हा अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं अन्नान्न करत दारात आली आणि पंतांनी सरकारी कोठारं लुटवली. सुलतानाची माणसं धरायला आली तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला आणि त्याने धान्याची किंमत भरली. लहानपणी मला यात विठ्ठल मोठा वाटायचा. आता वाचताना दुसरंच दिसतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकलेलं धान्य मंगळवेढ्याच्या उपाशी माणसाला द्यायचं, तर प्रत्यक्ष देवाला बिदरला जाऊन पावती घ्यावी लागली! आणि तो गेला कुणाच्या रूपात, तर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या. चोखोबांची अखेरही याच मंगळवेढ्यातली. वेशीचं काम करताना भिंत कोसळून गेले ते. असो, तो विषय मोठा आहे.

पुढे इंग्रज आले. १८२० च्या दशकात प्रिंगलने पुण्याकडच्या जमिनींची मोजणी करून सारा ठरवला. तो इतका चढा निघाला की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी ठरवून टाकला. कागदावर हे बरंच होतं. पण सारा रोखीत. पीक बुडालं तरी रोखीत. रोकड सावकाराकडे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या उद्रेकामागे जी कारणं होती त्यातलं हे एक ठळक.

१८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा चाळताना मी थबकलो. साऱ्याची हमी म्हणून उभं पीक कापू न देण्याचा, कापलेलं हलवू न देण्याचा अधिकार त्यात कलेक्टरला होता. (मंगळवेढा त्या वेळी सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, तिथला कारभार निराळा. पण भोवतालचा सोलापूर जिल्हा इंग्रजांचाच.) तीनच वर्षांपूर्वी, १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनने भोगलेला. त्या लोकांना खळ्यावरच्या धान्याची राशी किती आपली आणि किती परक्याची हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशा वेळी हुरडा म्हणजे काय होतं? माझा आपला एक अंदाज सांगतो. पीक मोजलं जातं खळ्यावर. सावकार येतो खळ्यावर, बलुतेदार येतात खळ्यावर. त्याच्या आधीचे ते आठ-दहा दिवस पीक तयार तर आहे, पण मोजण्याजोगं नाही. त्या फटीत शेतकरी मालक असतो. "या, बसा, खा" हे तो त्या दिवसांत जितक्या मोकळेपणाने म्हणू शकतो, तितकं एरवी वर्षभर नाही. भाचरं, व्याही, शहरात गेलेला भाऊ, शाळेतले मास्तर सगळ्यांना बोलावणं जातं. हा उदारपणा तर होताच. पण 'हे शेत माझं आहे' असं चारचौघांत सांगण्याचीही ती एक रीत होती, असं मला वाटतं.

आता याचीच दुसरी बाजू. सगळेच पाहुणे बोलावलेले नसत. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. कुणब्याच्या पिकावर किती हात पडतात, त्याचं त्यातलं वर्णन वाचताना दम लागतो. बलुते, अलुते, फिरस्ते, मागते आणि वर सरकारी नोकर. अंमलदार शेतात उतरला तर त्याला नको म्हणायची कुणाची छाती होती? मित्राचे वडील, त्यांना आम्ही सगळे तात्याच म्हणतो, त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगतात. गावात एखादा साहेब हुरड्याला येणार असला की चांगल्यातली चांगली गूळभेंडी त्याच्यासाठी राखून ठेवायची आणि तो गेल्यावर उरलं ते घरच्यांनी खायचं. "तो हुरडा न्हवता बाबांनो," तात्या म्हणतात, "ती पट्टी होती." फुकटच्या हुरड्याबद्दल आपण गळा काढतो तेव्हा हा फुकटपणा कुणाच्या खिशातून जात होता ते एकदा आठवलेलं बरं.

आणि आगटीपाशी बसून कणसं चोळणारे हात? ते बहुतेक मजूर बाईचे. घरातल्या बायका चुलीपाशी, भाकऱ्यांच्या चळतीमागे. आमच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मित्राच्या आईला मी आगटीशी निवांत बसून हुरडा खाताना एकदाही पाहिलं नाही. आम्ही खात होतो, काकू वाढत होत्या.

शहरी माणूस या चित्रात कधी शिरला, याचंही मला कुतूहल होतं. त्याचा माग नाताळात लागतो. कोर्टं, कचेऱ्या, शाळा यांना इंग्रजांनी डिसेंबरअखेर सुट्टी दिली. वकिलांना मोकळा वेळ मिळे तो तेव्हाच, म्हणून तर काँग्रेसची अधिवेशनं सुरुवातीपासून वर्षानुवर्षं नाताळच्या आठवड्यात भरत. १९३६ साली ते प्रथमच खेड्यात भरलं, खानदेशात फैजपूरला, तेही डिसेंबरच्या शेवटीच. ख्रिस्ताच्या जन्माची सुट्टी आणि रब्बी ज्वारी हुरड्यात येण्याचे दिवस यांचा मेळ हा निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगाने गाव सोडून कारकून, मास्तर, वकील झालेल्या दोन-तीन पिढ्यांना वर्षातून एकदा शेताची वाट दाखवली. आमचा कंपू त्याच रांगेतला शेवटचा डबा.

या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा काही भाग, पलीकडे बिदर, कलबुर्गी, या पट्ट्यातला हा सण. कानडीतली 'एळ्ळ अमावस्या', म्हणजे तिळाची अमावस्या, आपल्याकडे येळवस किंवा वेळ अमावस्या झाली. मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडून त्यांना चुना लावतात, पूजा करतात. मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ही भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हे बरं का, नाना भाज्या आणि ओल्या शेंगा-दाणे ताका-बेसनात शिजवलेला तो एक अजब आणि अप्रतिम प्रकार आहे. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरात दुपारी संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात, तोही नसेल तर कुणाच्याही. तीनेक वर्षांपूर्वी आम्ही औशाच्या पुढे रस्ता चुकलो आणि वाट विचारायला एका बांधावर थांबलो, तर त्या लोकांनी आधी बसवलं, वाढलं आणि रस्ता हात धुतल्यावर सांगितला. नाव-गाव कुणीही विचारलं नाही. मोठा साहेब म्हणून नव्हे आणि पैसे भरले म्हणूनही नव्हे, तर अमावस्या आहे आणि तुम्ही समोर आलात म्हणून. सगळ्या वाचनात आणि फिरण्यात खरा फुकटचा पाहुणचार मला सापडला तो इथे.

पण हे सगळं उभं आहे ज्वारीवर आणि ज्वारीच आता चाललीय. तिची उतरण बरीच आधीची. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. खरिपातली ही हायब्रीड पिकायची भरपूर, पण कणसात दाणा असताना पाऊस लागला की काळी पडायची. त्या भाकरीची चव लोकांनी इतकी मनावर घेतली की 'हायब्रीड' ही मराठीत शिवी झाली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातली तांबडी मिलो आली, सुकडी वाटली गेली, रोजगार हमीची खडी फुटली. तात्या तेव्हा ऐन उमेदीत होते. मिलोचं नाव काढलं तर आजही तोंड वाकडं करतात. रब्बीत मात्र मालदांडीने तग धरला. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेला हा वाण नव्वदएक वर्षांनंतरही पेरला जातो, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. तरीही आकडे बघा. १९८० च्या आसपास महाराष्ट्रात खरीप-रब्बी मिळून साठ लाख हेक्टरांवर ज्वारी होती, आज ती त्याहून कितीतरी कमी क्षेत्रावर आली आहे. ऊस आला, सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीच्या बिस्किटांना भाव आला. पण ज्वारी काढायची कोण हा प्रश्न तसाच राहिला. कारण रब्बीची ज्वारी बहुतेक ठिकाणी कापत नाहीत, उपटतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, भेगाळलेल्या जमिनीतून, हाताने, एकेक ताट. तळव्यांना फोड येतात. गावात तरुण पोरं उरली नाहीत आणि उरली त्यांना हे काम नको आहे. त्यांना तरी नावं का ठेवा?

म्हणून शेजारच्या गावातल्या त्या माणशी सातशे रुपयांकडे मी आता नाक मुरडून बघत नाही. २००५ मध्ये बारामतीच्या बाजूला कृषी पर्यटनाचा संघटित प्रयोग सुरू झाला, २०२० मध्ये राज्याने त्याचं धोरणही केलं. दहा गुंठ्यांतला हुरडा हिरवा विकून जे हाती येतं ते एकरभर ज्वारी पिकवून, उपटून, मळून, बाजारात नेऊन येत नाही. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल म्हणजे डोक्यावरून पाणी, असं तात्यांचं मत. शिवाय हुरडा काढल्यावर ताट हिरवं राहतं, ते जनावरांना होतं. आणि तिथे आगटीपाशी बसणाऱ्या बाईला दिवसाची हजेरी मिळते, जी आमच्या निवांत सुट्टीत तिला इतकी वर्षं कुणी दिली का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. झोके आणि कर्कश गाणी मला आवडत नाहीत, ते वेगळं. पण पैसे मोजणारा पाहुणा पट्टी वसूल करणाऱ्या पाहुण्यापेक्षा पुष्कळ बरा.

हे सगळं यंदा शेकोटीशी बसून मित्राला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पैसे लाव, असंच ना?" आम्ही चौघे एकदम हो म्हणालो. मग कुणी किती द्यायचे यावरून घोळ सुरू झाला. तात्या घोंगडं पांघरून ऐकत बसले होते. त्यांनी तो तिथेच थांबवला. बाहेरच्यांसाठी रस्त्याकडच्या पट्टीत दहा गुंठे गूळभेंडी वेगळी पेर आणि त्यांचे काय घ्यायचे ते घे, असं मित्राला सांगितलं. आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडनं पैसं घ्याला मी काय खानावळ न्हाई घातल्याली. हुरड्याला समदं येत्यात रं. काढणीला येऊन दावा."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मालदांडी काढायची आहे. दोघांनी रजा टाकलीय. तिसऱ्याची कंबर गेलीय, पण तो पेंढ्या बांधायला येतो म्हणतो. मी हातमोजे घ्यावेत म्हणत होतो, तर काकू हसल्या आणि म्हणाल्या की हातमोज्याने ताट निसटतं, पहिल्या दिवशी तळवे सोलतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल. आगटीपाशी, आमच्या शेजारी बसून सांगत होत्या त्या हे. यंदा भाकऱ्या आम्ही गावातून करून आणल्या होत्या.